गुडघ्यामागची वीतभर जागा

मी रक्तवाहिन्यांची सर्जन आहे. पुण्यात माझे आठवड्यातले काही दिवस ऑपरेशन थिएटर आणि कॅथलॅबमध्ये जातात, उरलेले एका इंजिनिअरिंग प्रयोगशाळेत. तिथे आम्ही काहीजण गुडघ्यामागच्या धमनीसाठी स्टेंट घडवतो आहोत. हृदयाच्या स्टेंटबद्दल आता घरोघरी माहिती असते. पायाच्या धमन्यांची मात्र अंगठा काळा पडेपर्यंत कुणाला आठवण होत नाही. हल्ली तरुण सर्जन येऊन विचारतात, ‘मॅडम, आम्हालाही असं काही बनवायचंय, सुरुवात कुठून करू?’ त्यांना वेळोवेळी जे सांगत आले, ते इथे लिहून काढते आहे.

१. आधी माणसाचा दिवस विचारून घ्या

अँजिओग्राफीत धमनी कुठे बंद आहे, किती लांब बंद आहे, पलीकडे रक्त कोणत्या वाटेने पोहोचतं आहे, हे सगळं दिसतं. पण ते चित्र काढताना माणूस टेबलावर उताणा, पाय सरळ आणि स्थिर ठेवून पडलेला असतो. घरी गेल्यावर तो असा कधीच नसतो.

म्हणून माझ्या केसपेपरवर साखर आणि रक्तदाबाच्या आधी दोन प्रश्न असतात. दिवसभर काय काम करता? आणि जमिनीवर कसे बसता, किती वेळ? मंडईत भाजी विकणाऱ्या मावशी पहाटेपासून उकिडव्या असतात. शिंपीकाका मशीनच्या पायट्यावर घोटा हलवत राहतात. पूजा सांगणारे गुरुजी तासन्‌तास मांडी मोडत नाहीत. तिघांची अँजिओग्राफी एकसारखी दिसली तरी तिघांच्या धमनीला रोज सोसावं लागतं ते वेगळं असतं.

पायाच्या बंद धमनीच्या या आजाराची एक खूण रुग्ण स्वतःहून कधी सांगत नाही, घरचे सांगतात: ‘रात्रभर पाय खाटेखाली सोडून बसतात.’ पाय खाली सोडला की वजनानेच थोडं रक्त उतरतं आणि कळ कमी होते. ती कळ ज्याने महिनोन्‌महिने काढली आहे, त्याला आपल्याकडून काय हवं आहे, हेही त्यालाच विचारावं. बहुतेकांना झोप हवी असते. पुष्कळांना फक्त पाय वाचायला हवा असतो.

आमच्या शास्त्राची एक मोठी वाट एका रुग्णाच्या नकारातून उघडली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये ८२ वर्षांच्या एका बाईंना चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाकडे आणलं होतं. पायाची बोटं गँगरीनने काळी पडली होती आणि सर्जननी पाय काढायचा सल्ला दिला होता. बाई तयार नव्हत्या. डॉटरने मांडीतल्या अरुंद धमनीतून आधी बारीक, मग त्यावरून जाड अशा टेफ्लॉनच्या नळ्या सरकवल्या आणि वाट रुंद केली. पाय गरम झाला, जखम भरली, आणि त्या शेवटपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालल्या. अरुंद धमनी आतून रुंद करायला आज आपण जे फुगे, स्टेंट वापरतो ते या दिवसानंतरचे आहेत. त्या बाईंचा हट्ट मला डॉटरच्या कौशल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

२. आपली माणसं खाली बसतात

आमच्या प्रयोगशाळेतलं निम्मं काम या एका वाक्यातून निघालं, म्हणून इथे जरा थांबते.

मांडीतली धमनी खाली उतरताना स्नायूंच्या एका बोगद्यातून मागे वळते आणि गुडघ्यामागे येते. त्या बोगद्याला हंटरचं नाव आहे. जॉन हंटरने १७८५ च्या डिसेंबरात लंडनमध्ये एका घोडागाडीवाल्याच्या गुडघ्यामागच्या धमनीचा फुगवटा बरा करण्यासाठी ती धमनी वर, मांडीतच बांधली. आजूबाजूच्या लहान वाहिन्यांनी रक्त पुरवलं आणि त्याचा पाय वाचला.

या धमनीचा वरचा आणि खालचा भाग बऱ्यापैकी जखडलेला असतो. मधल्या वीतभर तुकड्याला मात्र गुडघ्याबरोबर हलावं लागतं. गुडघा वाकला की ती आखूड होते, पिळली जाते, बाजूने दाबली जाते आणि एकदोन ठिकाणी तिला बाक येतो. तरुण, लवचीक धमनी हे सहज करते. चुना साचलेली धमनी नाइलाजाने करते. आणि आत धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, असेल तर तिच्या बारीक काड्या एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकून थकतात आणि मोडतात. मोडलेल्या काडीभोवती पेशी वाढतात किंवा रक्ताची गुठळी होते. म्हणून पायाच्या स्टेंटसाठी निटिनॉल वापरतात. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. दाबून सोडला की तो मूळ आकारात परत येतो. पण त्याच्याही सोसण्याला मर्यादा आहे.

आता तपासणीचं बघा. हृदयाचे दहा वर्षांचे ठोके म्हणून स्टेंटला सुमारे ४० कोटी वेळा फुगवून-आकसून बघतात. यंत्र वेगाने चालवून ते काही महिन्यांत उरकतं. शिवाय पायाच्या स्टेंटला वाकवून आणि पिळून बघतात. पण वाकवायचं किती? चालताना गुडघा साधारण ६० अंशांत वाकतो, खुर्चीत बसताना ९०. उकिडवं बसताना तो १३० च्या पुढे जातो. मांडी घातली तर वाकतोच, वर पायाला पीळही पडतो. ज्या समाजात प्रौढ माणूस क्वचितच जमिनीवर बसतो, तिथल्या चालण्यावरून ठरवलेली चाचणी आपल्या आजींच्या पायाला पुरी पडणार नाही. देवपूजा, भाजी निवडणं, खुरपणी, भारतीय पद्धतीचं शौचालय, पंगत: आपला सगळा दिवस जमिनीलगत चालतो.

आम्ही चाचणीच्या यंत्रात मांडी घालणं आणि उकिडवं बसणं दोन्ही घेतलं. प्रयोगशाळेतल्या मुलींनी आपल्या आज्यांना, मुलांनी आईवडिलांना विचारून दिवसाचे तक्ते केले. किती वेळा खाली बसतात, किती वेळ, उठताना कशाचा आधार घेतात. ते तक्ते इंजिनिअरांनी कोनांत आणि आवर्तनांत उतरवले. मोकळ्या बाजारातून आणलेल्या काही जाळ्याही आम्ही त्या यंत्रावर चढवल्या. कोणती कुठे मोडते हे बघितल्यावर आमच्या जाळीत कड्यांना जोडणारे दुवे कमी करावे लागले, कारण लांबीत जो आकसू देतो तोच नमुना टिकतो. त्याने जाळीची बाहेर ढकलण्याची ताकद कमी होते, आणि चुना साचलेल्या धमनीला तीच ताकद हवी असते. हे भांडण अजून मिटलेलं नाही.

रुग्णाला ‘आता मांडी घालू नका’ एवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. ज्या घरात खुर्ची नाही तिथे या सल्ल्याचा उपयोग काय?

३. अर्धा मिलिमीटर म्हणजे पुष्कळ

पॉझ्युई हा फ्रेंच डॉक्टर १८४० च्या सुमारास काचेच्या केसाएवढ्या नळ्यांतून पाणी सोडून मापं घेत होता, कारण त्याला रक्ताचा प्रवाह समजून घ्यायचा होता. त्याचा नियम सांगतो की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. व्यास निम्मा झाला की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. जिवंत धमनी सरळ काचनळी नसते, पण दिशा तीच. गुडघ्याखालच्या धमन्या दोन-तीन मिलिमीटरच्या. तिथे जाळीची भिंत किती जाड, यावर आमच्याकडे दिवस दिवस वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत.

मापांचंही लवकर शिकून घ्या. शीथ आणि कॅथेटर अजून पॅरिसच्या शारिएर या हत्यारं बनवणाऱ्या कारागिराच्या मोजणीने मोजतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. इंजिनिअर मिलिमीटरमध्ये बोलतो, थिएटरमधली सिस्टर गुठळी काढायच्या नळीला ‘चार नंबर फोगार्टी’ म्हणते. दोघांमध्ये तुम्हाला उभं राहायचं आहे.

४. कारागिराच्या दारात जा

अलेक्सी कॅरेल या सर्जनला रक्तवाहिन्या जोडायच्या होत्या, तेव्हा तो लिऑनमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे बारीक सुई-दोऱ्याचं काम शिकला. १९०२ मध्ये त्याने टाक्यांची पद्धत मांडली, १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि आजही धमनी धमनीला शिवताना आम्ही त्याच विचाराने टाके घालतो. मायकेल डिबेकी या सर्जनने ह्यूस्टनमध्ये दुकानातून डेक्रॉनचं कापड आणून शिवणयंत्रावर महाधमनीसाठी नळ्या शिवल्या. शिवण त्याला आईने शिकवली होती.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो टॉमस फोगार्टी. सिनसिनाटीच्या हॉस्पिटलात तो विद्यार्थी असल्यापासून काम करायचा. पायात गुठळी अडकली की त्या काळी धमनी लांबवर उघडावी लागे, आणि कितीतरी रुग्णांचा पाय जाई किंवा जीव. त्याच्या मनात आलं की बारीक नळी गुठळीच्या पलीकडे न्यायची, टोकाचा फुगा फुगवायचा आणि ओढत बाहेर यायचं. फुग्यासाठी त्याने सर्जिकल ग्लोव्हच्या करंगळीचं टोक घेतलं. ते नळीला चिकटवणारा डिंक मिळेना. त्याला मासेमारीचे गळ बांधायची लहानपणापासून आवड होती, त्याच गाठींनी त्याने रबर बांधलं. १९६३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आज तालुक्याच्या गावी, जिथे सी-आर्म हे क्ष-किरण यंत्रसुद्धा नाही, तिथला जनरल सर्जन या एका नळीच्या जोरावर मध्यरात्री पाय वाचवू शकतो.

आमच्या जाळीच्या दोन्ही टोकांना बारीक टँटॅलमचे ठिपके बसवावे लागतात, नाहीतर क्ष-किरणात टोक कुठे आहे ते दिसत नाही. ठिपका डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा, आणि भोकात असा बसायला हवा की कधीच निसटणार नाही, वर कडही राहणार नाही. प्रयोगशाळेत ते जमत नव्हतं. सोन्यामारुती चौकाजवळच्या एका कोंदण करणाऱ्या कारागिराकडे आम्ही गेलो. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, ‘बाई, भोक सरळ पाडलंय तुम्ही. आतून तसूभर उतरतं घ्या, मग दाबा.’ लेझरने कापायच्या आराखड्यात तो उतार आला. त्यांचं नाव आमच्या टिपणांत इतरांच्या बरोबरीने आहे.

५. टेबलावरची नळी आजारी पडत नाही

टेबलावरच्या चाचणीसाठी चार भाग ग्लिसरीन, सहा भाग पाणी: रक्ताइतका दाटपणा येतो. सिलिकॉनची धमनी, पंप, दाबमापक. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या धमन्या. हे सगळं करावंच, पुन्हा पुन्हा करावं. पण सिलिकॉनला सूज येत नाही, त्याच्यावर गुठळी धरत नाही, त्याला मधुमेह नसतो.

तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने भारतीय हृदयझडप घडवली, ती कहाणी प्रत्येक उपकरण-संशोधकाने बारकाईने वाचावी. एकामागून एक नमुने बाद झाले. एकात नीलमणी स्फटिकाची चकती होती. कठीण, गुळगुळीत, कागदावर निर्दोष. मेंढीच्या हृदयात ती फुटली. शेवटी चकती खास प्रकारच्या पॉलिएथिलीनची केली, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती झडप पहिल्या रुग्णाच्या हृदयात बसली. त्यांच्याकडे बायोमेडिकल संशोधनाचा विभाग हॉस्पिटलच्याच संस्थेचा भाग होता, म्हणून डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र काम करत. महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीत २०१४ पासून बेटिक हे केंद्र डॉक्टर-इंजिनिअरांना एकत्र बसवतं आहे. असं आणखी हवं, आणि ते हॉस्पिटलच्या जवळ हवं.

प्राण्यांवरच्या प्रयोगाविषयी एवढंच सांगते: समितीची परवानगी मिळाली म्हणजे जबाबदारी संपली, असं समजू नका. भूल उतरेपर्यंत मी स्वतः तिथे बसते. माझ्या विद्यार्थ्यांनीही बसावं असा माझा आग्रह असतो.

६. सहा महिन्यांचा निकाल हा निकाल नव्हे

विरघळणाऱ्या स्टेंटचं उदाहरण घ्या. काम झाल्यावर धमनीत काहीच उरू नये, ही कल्पना फार सुंदर आहे. अ‍ॅबसॉर्ब या हृदयाच्या विरघळणाऱ्या स्टेंटला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१७ मध्येच त्याची विक्री थांबली, कारण वर्षे उलटली तसं त्यात गुठळ्या होण्याचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त दिसलं. तीच कल्पना सुधारून २०२४ मध्ये गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी मान्य झाली. मला याचा आनंद आहे. पण त्याच्याही पाच-दहा वर्षांच्या निकालांकडे मी डोळे लावून आहे.

दुसरं उदाहरण पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा लेप असलेल्या फुग्यांचं. डिसेंबर २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं दिसलं की मांडीच्या धमनीत हे वापरलेल्यांत काही वर्षांनी मृत्यू जास्त आहेत. जगभर वापर आखडला. मग जुन्या अभ्यासांतले रुग्ण पुन्हा शोधून काढले, आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकी नियामकांनी सांगितलं की वाढीव धोक्याला आधार मिळत नाही. मधली साडेचार वर्षं हा गोंधळ चालला. त्याचं एक कारण असं की मूळ अभ्यासांतले बरेच रुग्ण मध्येच संपर्काबाहेर गेले होते. ते जिवंत आहेत की नाहीत, हे कुणाला माहीत नव्हतं.

आपल्याकडे हे संकट किती मोठं आहे! बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. तीन महिन्यांनी तपासणीला या, असं त्याला सांगून काय होणार? आम्ही त्याच्या संमतीने तीन फोन नंबर घेतो: त्याचा, मुलाचा किंवा भावाचा, आणि गावातल्या किराणा दुकानदाराचा. तपासणीची तारीख तो गावी असेल त्या दिवसांत धरतो. गावातल्या आशाताई पायाची नाडी लागते का, जखम आहे का, एवढं बघून कळवतात. एसटीचं भाडं अभ्यासाच्या खर्चात धरलेलं असतं. अनुदानाच्या अर्जात या ओळीवर कुणी भुवया उंचावल्या तर मी ती खोडत नाही, समजावून सांगते.

७. किंमत पहिल्या दिवशी ठरते

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली: औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये, साधा धातूचा ७,२६०. तो निर्णय हृदयापुरता होता. पायासाठी लागणाऱ्या लांब जाळ्या, फुगे, वायर हा खर्च अजून घरच्यांच्या अंगावर येतो, आणि मधुमेही पायाच्या रुग्णाला तो पुन्हा पुन्हा येतो. म्हणून आराखड्यातच विचारा: एक फुगा कमी लागेल का? वायर बदलण्याची पायरी टळेल का? उपकरण पूर्ण तयार झाल्यावर ते स्वस्त करणं फार अवघड जातं.

८. दूर कुणीतरी आधीच केलेलं असतं

महाधमनीच्या फुगवट्यात मांडीतून नळी नेऊन आतून अस्तर बसवायचं, हे काम ब्यूनोस आयर्सच्या हुआन पारोदींनी ७ सप्टेंबर १९९० रोजी केलं आणि जगाने पाहिलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९८७ मध्ये, युक्रेनमधल्या खारकीवला निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत असंच अस्तर बसवलं होतं. त्यांचं लेखन रशियनमध्ये होतं, आणि बाहेरच्यांना ते फार उशिरा कळलं. शोधताना इंग्रजीच्या बाहेरही शोधा. आणि आपलं, फसलेलंसुद्धा, छापा.

९. स्वतःचं उपकरण बाजूला ठेवता आलं पाहिजे

मांडीच्या आतल्या बाजूची लांब शीर चांगली असेल, तर तिचाच बायपास करणं पुष्कळदा सर्वांत टिकाऊ ठरतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय अभ्यासात चांगली शीर उपलब्ध असलेल्यांत बायपास फुगे-स्टेंटपेक्षा सरस ठरला. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या बेसिल-टू ने गुडघ्याखालच्या आजारात उलट कौल दिला. म्हणजे प्रत्येक रुग्णापुढे नव्याने विचार करावा लागतो. बिडी-तंबाखूमुळे तरुण वयात होणाऱ्या बर्जरच्या आजारात तर धमन्या इतक्या खालपर्यंत बंद असतात की स्टेंटला जागाच नसते. तिथे तंबाखू सुटणं हाच उपचार आहे, आणि ती सुटावी म्हणून मी कॅथलॅबमधल्या कुठल्याही कामाइतका वेळ देते. चालताना पोटऱ्या भरून येतात, एवढीच तक्रार असलेल्याला आधी शिस्तीत रोज चालायला लावावं. शरीर स्वतः बाजूच्या वाहिन्यांचा उपयोग वाढवतं.

ज्याने यंत्र घडवलं, त्याला सगळीकडे त्या यंत्राची गरज दिसू लागते. हे मनुष्यस्वभावाचं आहे, आणि म्हणून त्याला चांगुलपणावर सोडू नये. आमच्या अभ्यासात कोणाला स्टेंट द्यायचा हे मी ठरवत नाही. माझ्या सहकारी सर्जन ठरवतात. त्यांचा आमच्या जाळीच्या पेटंटशी संबंध नाही. निकालाची चित्रं वाचणारे तर तिसऱ्याच शहरात आहेत. सहकारी सर्जननी नको म्हटलेला रुग्ण मी पुन्हा त्यांच्यापुढे नेत नाही.

उरतात ते कोण, हे आता मला बरंच स्पष्ट दिसतं. पायाची शीर हृदयाच्या बायपासमध्ये आधीच वापरलेली, मधुमेह जुना, गुडघ्यामागची वीतभर धमनी बंद, आणि दिवस जमिनीवर बसून काढायचा आहे, अशी माणसं. बायपाससाठी शीर नाही, कृत्रिम ग्राफ्ट गुडघ्याखाली फार दिवस चालत नाही, आणि आजच्या बऱ्याच जाळ्या तिथे मोडतात. आमची जाळी मांडी घालण्याच्या चाचणीत टिकते आहे, उकिडव्या बसण्याच्या चाचणीत दोन दुव्यांवर अजून ताण जास्त येतो. त्या दुव्यांचा आकार बदलून नवी तुकडी कापायला दिली आहे.